सीसॉनिक फोकस जीएक्स-७५०: केबल सुटतात ते ठीक, पैसे कशाचे मोजायचे?

दुकानात एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, मागताना लोक दोनच गोष्टी विचारतात: किती वॅटचा आणि मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, आहे का. लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तापकीर गल्ली, काउंटरवरचा पोऱ्याही या दोन प्रश्नांची उत्तरं पाठ करून बसलेला असतो. सीसॉनिक फोकस जीएक्स-७५० या दोन्हींत सहज पास होतो. ७५० वॅट, फुल मॉड्युलर, वर कार्यक्षमतेचा ८० प्लस गोल्ड शिक्का आणि १० वर्षांची वॉरंटी. पण केबल सुटतात ही नुसती सोय झाली. पैसे मोजायचे ते आतल्या १२ व्होल्टच्या लाइनसाठी, आणि ती लाइन इथे चोख आहे. आमच्या तक्रारी आहेत, त्या दुसऱ्याच ठिकाणी आहेत.

आधी बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टवर ६२ अँपिअर, म्हणजे ७४४ वॅट. ३.३ आणि ५ व्होल्टवर प्रत्येकी २० अँपिअर, पण दोन्ही मिळून १०० वॅटच्या आत. स्टँडबायचे ५ व्होल्ट ३ अँपिअरपर्यंत. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, म्हणजे जवळजवळ सगळा खाणारा गोतावळा, १२ व्होल्टवरच बसलेला असतो. त्यामुळे खोक्यावर '७५०' लिहिलेल्या एखाद्या स्वस्त एसएमपीएसच्या लेबलावर १२ व्होल्टसमोर ३० अँपिअर दिसले, तर तो कामाच्या हिशेबात ३६० वॅटचाच समजायचा. बाकीचे वॅट कुठल्या तरी अशा लाइनवर दाखवलेले असतात जिचा तुम्हाला उपयोग नाही.

आतली मांडणी आजच्या पद्धतीची आहे: एलएलसी रेझोनंट कन्व्हर्टर मुख्य १२ व्होल्ट तयार करतो आणि ५ व ३.३ व्होल्ट त्या १२ मधूनच छोट्या डीसी-टू-डीसी कन्व्हर्टरने काढले जातात. जुन्या ग्रुप रेग्युलेटेड डिझाइनमध्ये १२ आणि ५ एकाच दोरीला बांधलेले असत. ग्राफिक कार्डने १२ व्होल्टवर ताण दिला आणि ५ व्होल्ट रिकामाच असला, की १२ खाली बसायचे आणि ५ वर चढायचे. गेम सुरू असताना हार्ड डिस्क मधूनच गायब होणं, यूएसबीवरचा माउस तुटून पुन्हा जोडला जाणं, असले भुताटकीचे प्रकार यातूनच यायचे. इथे तो प्रश्न उरत नाही. कपॅसिटर जपानी, १०५ अंशांचे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून ८५ अंशांचा कपॅसिटर आणि १०५ अंशांचा कपॅसिटर यांतला फरक पहिल्या वर्षी दिसत नाही, पाचव्या वर्षी दिसतो.

गोल्ड शिक्क्याचं मात्र फार कौतुक करू नये. ८० प्लस गोल्डची मूळ ११५ व्होल्टची अट अशी: २० टक्के लोडवर ८७, ५० टक्क्यांवर ९० आणि पूर्ण लोडवर ८७ टक्के कार्यक्षमता. ब्राँझला हेच आकडे ८२, ८५, ८२. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर दोन्हींचे आकडे थोडे वर जातात. आता विजेच्या बिलाचा हिशेब करू. मशीन आतून ३०० वॅट खातंय. गोल्डवाला भिंतीतून सुमारे ३३३ वॅट ओढेल, ब्राँझवाला ३५३. फरक २० वॅट. रोज ६ तास वापर धरला तर वर्षाला ४३ युनिट. युनिटला १० रुपये धरा, सव्वाचारशे-साडेचारशे रुपये वाचले. ब्राँझ आणि गोल्डच्या किमतीतला फरक तीन-चार हजारांचा असेल तर नुसत्या बिलातून तो भरून यायला सात ते नऊ वर्षं लागतात. शिवाय शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. रिपल, म्हणजे व्होल्टेजवरची बारीक थरथर, किती, अचानक लोड आला तर व्होल्टेज किती डुलतं, संरक्षण सर्किट नीट काम करतं का, यातलं काहीही ८० प्लस तपासत नाही. सायबेनेटिक्स या दुसऱ्या तपासणी संस्थेचा शिक्का असेल तर आवाजाचीही वेगळी श्रेणी मिळते, ती जास्त कामाची.

पंखा १२० मिलिमीटरचा, फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचा. मागच्या बाजूला हायब्रिड मोडचं बटण आहे. ते दाबलेलं असलं की हलक्या लोडवर पंखा फिरतच नाही, साधारण तिसेक टक्क्यांपर्यंत, आणि तेही आतलं तापमान आटोक्यात असलं तर. 'पंखा बंद पडलाय' म्हणून एसएमपीएस परत घेऊन येणारे गिऱ्हाईक हे या बटणामुळेच येतात. आमचं मत विचाराल तर नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात हे बटण पुन्हा दाबून सरळ बाहेर आणून ठेवा. खोलीतच ४० अंश असताना पंखा थांबवून मिळणारी शांतता कपॅसिटरच्या आयुष्यातून वजा होते. मंद फिरणाऱ्या पंख्याचा आवाज तसाही छताच्या पंख्याखाली ऐकू येत नाही. मोठ्या लोडवर मात्र हा पंखा जाणवतो. कोर्सेअर आरएम७५०एक्सच्या २०२१च्या आवृत्तीत १४० मिलिमीटरचा मॅग्नेटिक लेव्हिटेशन पंखा आहे, आणि ५०० वॅटच्या वर तो जास्त शांत राहतो. रात्री रेंडर लावून त्याच खोलीत झोपायचं असेल तर हा मुद्दा छोटा नाही.

त्या बदल्यात फोकसला लांबीचा फायदा आहे. हा १४० मिलिमीटर लांब, आरएम७५०एक्स १६०. वीस मिलिमीटरने काय होतं, हे खाली हार्ड डिस्कचा पिंजरा असलेल्या कॅबिनेटमध्ये हात घातल्यावर कळतं. मॉड्युलर एसएमपीएसला नुसती स्वतःची लांबी पुरत नाही, मागच्या कनेक्टरमधून केबल बाहेर येऊन वळायला आणखी ४०-५० मिलिमीटर लागतात. म्हणजे फोकसला १९०, आरएम७५०एक्सला २१०. कॅबिनेटच्या माहितीत 'एसएमपीएस २०० मिमीपर्यंत' असं लिहिलेलं असेल तर पहिला बसतो, दुसऱ्यासाठी पिंजरा काढावा लागतो.

केबल: सोय आणि धोका एकाच पिशवीत

मॉड्युलर म्हणजे न लागणाऱ्या केबल खोक्यातच राहतात. आजच्या बांधणीत एनव्हीएमई एसएसडी थेट बोर्डवर बसते, त्यामुळे हार्ड डिस्कला लागणारी साटाची एक केबल लागली तर लागली, जुनी ४ पिनची मोलेक्स बहुधा नाहीच. मदरबोर्डची २४ पिनची, प्रोसेसरची एक किंवा दोन आणि ग्राफिक कार्डच्या, एवढ्यावर काम होतं. सेमी-मॉड्युलरमध्ये २४ पिन आणि प्रोसेसरची केबल कायमची जोडलेली असते. त्या दोन्ही तशाही लागतातच, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर सेमी-मॉड्युलर घेऊन काही बिघडत नाही. फुल मॉड्युलरचा खरा उपयोग दोनच ठिकाणी: छोटं कॅबिनेट, आणि पुढे कधी एसएमपीएस साफ करायला किंवा वॉरंटीला पाठवायला काढताना बोर्डवरच्या केबल जागच्या जागी ठेवता येणं.

आता धोका, कारण इथे नुकसान मोठं होतं. केबलचं बोर्डाकडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कुठलाही सर्वमान्य नियम नाही. फोकसमध्ये साटा आणि मोलेक्ससाठी मागे ६ पिनचे सॉकेट आहेत. दुसऱ्या कंपनीची ६ पिनची साटा केबल त्यात आरामात बसते, क्लिपही 'टक' करून लागते. पण पिनांचा क्रम वेगळा असेल तर हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट जातात आणि डिस्क, एसएसडी, डीव्हीडी ड्राइव्ह, जे जे त्या केबलवर असेल ते बटण दाबताक्षणी जळतं. आत संरक्षण सर्किट असूनही, कारण एसएमपीएसच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं: त्याचे १२ व्होल्ट १२च आहेत. जुन्या एसएमपीएसच्या केबल मागे लपेटून छान बांधल्यात म्हणून तशाच ठेवायच्या आणि फक्त डबा बदलायचा, हा मोह इथेच महाग पडतो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही क्रम बदललेला असू शकतो. रंगीत स्लीव्हच्या केबल ऑनलाइन घेताना 'सर्व मॉड्युलरला चालते' असं लिहिलेलं दिसलं की ते पान बंद करा.

खात्री करायचीच असेल तर मल्टिमीटरने पाच मिनिटांचं काम आहे. एसएमपीएसला फक्त ती केबल आणि २४ पिनची केबल जोडा, बाकी काहीही जोडू नका. २४ पिनमध्ये हिरवी तार, म्हणजे १६ नंबरची पिन, शेजारच्या काळ्या तारेशी वायरच्या तुकड्याने जोडा. हल्ली सगळ्या तारा काळ्याच असतात, तेव्हा रंग शोधू नका, पिन मोजा: क्लिपच्या बाजूच्या रांगेत १३ ते २४ नंबर येतात, त्यात १३कडून चौथी ती १६. मग मागचं स्विच चालू करा. हायब्रिड मोडमध्ये पंखा फिरणार नाही किंवा क्षणभर फिरून थांबेल, घाबरू नका. साटाच्या कनेक्टरवर मोजणं अवघड, मोलेक्सवर सोपं: एका टोकाच्या पिनवर १२, दुसऱ्या टोकाच्या पिनवर ५, मधल्या दोन ग्राउंड. एटीएक्स, म्हणजे एसएमपीएससाठीच्या इंटेलच्या मानकाच्या, मूळ नियमाप्रमाणे १२ व्होल्ट ११.४० ते १२.६०, ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्ट ३.१४ ते ३.४७ यांच्या आत हवेत. चांगला एसएमपीएस या कडेपर्यंत जातच नाही. लोडखाली १२ व्होल्ट ११.६ वर आलेले दिसले तर ते नियमात असूनही आम्ही त्याला चांगलं म्हणणार नाही.

फोकसच्या मागे प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांच्यासाठी ८ पिनचे सामायिक सॉकेट आहेत, त्यामुळे एसएमपीएसच्या बाजूने कुठली कुठे लावली याने फरक पडत नाही. दुसऱ्या टोकाला मात्र पडतो. प्रोसेसरच्या ८ पिनमध्ये चार १२ व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या तारा असतात, ग्राफिक कार्डच्या ८ पिनमध्ये १२ व्होल्टच्या तीनच, आणि त्यांची बाजूही उलट. कनेक्टरचा आकार वेगळा ठेवलाय तो याचसाठी. बसत नाही म्हणून जोर लावला तर बोर्डच्या पॉवर सर्किटवर शॉर्ट झालाच. '४+४' असं दुभंगणारं टोक प्रोसेसरचं, '६+२' ग्राफिक कार्डचं.

ग्राफिक कार्डला दोन ८ पिन हवे असतील तर दोन वेगळ्या केबल ओढा. एका केबलला पुढे दोन टोकं दिलेली असतात ती १५०-२०० वॅटच्या कार्डसाठी ठीक. प्रत्येक ८ पिनला १५० वॅट हा नियम धरला तर एकाच केबलवरून ३०० वॅट म्हणजे एसएमपीएसकडच्या एकाच कनेक्टरवर सगळा भार. तो लगेच वितळत नाही, पण गरम होतो, आणि गरम कनेक्टरमध्ये पिनेची पकड सैल होत जाते. या मॉडेलसोबत ६+२ ची चार टोकं दोन केबलवर येतात, तेव्हा दोन्ही केबल वापरा आणि लोंबणारी दोन टोकं मागे बांधून टाका. दिसायला वाईट दिसतं खरं.

कुठली आवृत्ती?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण 'फोकस जीएक्स-७५०' या एकाच नावाने बाजारात जुना आणि नवा दोन्ही माल फिरतो. जुनी आवृत्ती एटीएक्स २.४च्या काळातली. नंतरच्या आवृत्त्यांच्या खोक्यावर एटीएक्स ३ लिहिलेलं असतं आणि सोबत १६ पिनची केबल येते. दुकानदार दोन्ही एकाच नावाने सांगतो, किमतीत थोडाच फरक असतो, आणि जुना स्टॉक 'ऑफर'मध्ये असतो.

फरक नुसत्या केबलचा नाही. ग्राफिक कार्डं सरासरी ३०० वॅट खात असली तरी काही मायक्रोसेकंदांपुरती त्याच्या दुप्पट उसळी मारतात. एटीएक्स ३.०, जे इंटेलने २०२२ मध्ये आणलं, ते १६ पिनचा कनेक्टर असलेल्या एसएमपीएसने रेट केलेल्या वॅटच्या २०० टक्के उसळी १०० मायक्रोसेकंद आणि १२० टक्के १०० मिलिसेकंद सहन करावी असं सांगतं. ७५०ला म्हणजे क्षणभर १५०० वॅट. जुन्या डिझाइनवर ही अट नव्हती. संरक्षण सर्किट जरा हळवं असलं की उसळीला शॉर्ट समजून ते मशीन बंद करतं. जीएक्सच्या आधीच्या फोकस प्लस मालिकेत एएमडीच्या व्हेगा ५६ आणि ६४ कार्डांबरोबर नेमकं हेच होत होतं. लक्षण ओळखू येतं: निळा स्क्रीन नाही, फ्रीझ नाही, गेम ऐन रंगात असताना दिवा विझावा तसं मशीन बंद, आणि मागचं स्विच बंद-चालू केल्याशिवाय पुन्हा सुरूच होत नाही. असं झालं की लोक रॅम बदलतात, विंडोज पुन्हा टाकतात. दोष त्यात नसतो.

म्हणून सरळ सल्ला: आरटीएक्स ४०६० सारखं ११५ वॅटचं कार्ड असेल तर जुनी आवृत्तीही चालेल, किंबहुना मग ७५० वॅटच कशाला, ५५० पुरतात. रायझन ५ ७६००चे जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्डाचे ११५, बाकी बोर्ड-रॅम-पंखे ५० धरा, बेरीज अडीचशेच्या आसपासच थांबते. कोअर आय७ १४७००के आणि आरटीएक्स ४०७० टीआय सुपर घेतलंत तर २५३, २८५ आणि ६० मिळून आकडा ६०० वॅटच्या घरात जातो. इथे ७५० योग्य, पण एटीएक्स ३वालाच घ्या. आरटीएक्स ५०८०च्या ३६० वॅटला त्याच प्रोसेसरसोबत ८५० घ्यावा, ७५०वर ओढाताण करू नये.

१६ पिनच्या कनेक्टरचं एक लक्षात ठेवा. आधीच्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टरमध्ये केबल अर्धवट बसली तरी कार्डला पूर्ण वॅट ओढायची परवानगी मिळायची. २०२२च्या अखेरीस आरटीएक्स ४०९०चे कनेक्टर वितळल्याच्या ज्या बातम्या आल्या, त्यात अर्धवट बसलेली केबल हे मोठं कारण निघालं. नंतरच्या १२व्ही-२एक्स६ मध्ये सेन्स पिना, म्हणजे केबल बसल्याची खूण कार्डाला देणाऱ्या छोट्या पिना, आखूड केल्या, म्हणजे केबल पूर्ण बसल्याशिवाय कार्ड जोर लावत नाही. तरीही केबल शेवटपर्यंत दाबा, कनेक्टर आणि कार्ड यांच्यात फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरपासून ३५ मिलिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवून मगच वळवा. काच जवळ असलेल्या अरुंद कॅबिनेटमध्ये हे जमत नसेल तर कॅबिनेट बदलायचं, केबल मुडपायची नाही.

भिंतीतला सॉकेट

दहा-अकरा हजारांचा एसएमपीएस घेऊन तो अर्थिंग नसलेल्या प्लगला लावला तर अर्धी किंमत वाया. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार एसएमपीएसच्या नावावर फार खपते. तो बिघाड नाही. आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला छोटे फिल्टर कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असलं की त्यातला करंट जमिनीत जातो. नसलं की बॉडीवर साधारण निम्मं, ११० व्होल्टच्या आसपास व्होल्टेज उभं राहतं. करंट अगदी कमी असल्याने जीवाला धोका सहसा नसतो, पण एचडीएमआय केबल लावताना टीव्हीचा पोर्ट उडवायला तेवढं पुरतं. मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज-अर्थ मोजा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. ते पाचाच्या वर असेल तर आधी वायरमनला बोलवा. आणि वायरमनने अर्थच्या पिनला न्यूट्रलचा तुकडा जोडून 'झालं काम' म्हटलं तर त्याला ते उघडायला लावा.

लाइट गेल्यावर मशीन यूपीएसवर टिकत नाही, यातही दोष बहुधा यूपीएसचा असतो. एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद स्वतःच्या कपॅसिटरवर तग धरतो. यूपीएसची बदली ४ ते १० मिलिसेकंदांत होते, म्हणजे वेळ पुरते. पण घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना ४०० वॅट ओढले की तो ओरडून बंद. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा आणि त्याच इन्व्हर्टरचं स्विच 'यूपीएस' मोडवर हवं, नाहीतर बदलीलाच ४० मिलिसेकंदांपर्यंत लागतात आणि मशीन रिस्टार्ट होतं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरला हा एसएमपीएस लावू नका. यातलं अॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं, सर्किट त्या चौकोनी लहरीवर गुरगुरतं.

कोकण-गोव्यात आणखी एक: खारी हवा आणि पाली. एसएमपीएस पंखा खाली करून बसवा, खालची जाळी लावा, आणि कॅबिनेटच्या मागचे रिकामे स्लॉट झाकणाने बंद करा. पाल आत शिरून फेजच्या भागावर चिकटली तर फ्यूज जातो आणि वॉरंटीवाले आत पाल पाहून हात वर करतात.

घेताना जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं स्टिकर आहे का पाहा. १० वर्षांची वॉरंटी त्या स्टिकरवर चालते. शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळालेल्या आडमार्गाच्या मालावर ती फक्त खोक्यावर छापलेली असते. उरलेल्या केबल त्यांच्याच पिशवीत घालून पिशवीवर मार्करने 'फोकस ७५०' लिहून ठेवा.